अमेरिकेत उपकरणं विकताय? आधी ब्रँडची नोंदणी तपासा

अमेरिकेत ई-कचऱ्याचा, म्हणजे टाकून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा, देशभर लागू असा एकच कायदा नाही. सुमारे निम्म्या राज्यांत तो आहे आणि प्रत्येकाचा वेगळा; त्यांतल्या बहुतेक ठिकाणी विक्रीआधी उत्पादकाला राज्याकडे नोंदणी करावी लागते. म्हणून एका राज्यात नोंदणी झाली की काम संपलं, असं समजू नका. मला सगळ्यात जास्त घोटाळा दिसतो तो ‘उत्पादक’ या शब्दात: माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतला, तरी बहुतेक राज्यांत जबाबदारी ज्याचा ब्रँड त्याची. त्यामुळे कंपनीच्या नावासोबत विकायचा प्रत्येक ब्रँड अर्जात लिहा. एखादा राहून गेला तर अनेक राज्यांत दुकानदाराला तो माल विकताच येत नाही, आणि हे बहुधा माल पोचल्यावर कळतं.

कायद्यात येणाऱ्या वस्तूंची यादीही सगळीकडे सारखी नसते. टेक्सासचा भर संगणक आणि टीव्हीवर आहे. न्यूयॉर्कच्या २०१० च्या कायद्यात कीबोर्डसारख्या छोट्या वस्तूही येतात. कॅलिफोर्नियाची तर रीतच निराळी, तिथे पुनर्वापराचं शुल्क ग्राहक खरेदीच्या वेळीच भरतो. २०२६ पासून त्यात आत बसवलेल्या बॅटरीची अनेक उत्पादनंही आली आहेत, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका.

विक्रीचे आकडे पहिल्या दिवसापासून राज्यवार ठेवा. वार्षिक अहवालाला तेच लागतात.