प्रत्येक मुलासाठी वेगळा वेळ कसा काढावा

घरात दोन-तीन मुलं असली की वेळ सगळ्यांना मिळून दिला जातो आणि जो मोठ्याने मागतो, त्याच्याच वाट्याला तो जास्त येतो. शांत मूल मागेच राहतं. म्हणून प्रत्येकाची वेळ वेगळी ठरवा, पण सुरुवात लहान ठेवा: एका मुलाला दिवसाआड 10 ते 15 मिनिटं. सुट्टीच्या दिवशी दोन तास देऊ असं ठरवलं, तर पाहुणे किंवा आजारपण आलं की आधी तेच बुडतं.

ही वेळ रोजच्या एखाद्या कामाला जोडा. धाकटं झोपलं की मोठीची पाळी, मोठी क्लासला गेली की धाकट्याची. कॅलेंडरवर नाव लिहा. वाचता न येणाऱ्यासाठी रंगीत खूण करा. काय करायचं ते मुलानेच ठरवावं, अगदी लहान असेल तर दोनच पर्याय द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अभ्यास, मार्क, पसारा हे विषय काढले की मुलं ही वेळ टाळू लागतात. वयात येणारी मुलं समोर बसवल्यावर गप्प होतात. चालताना किंवा भांडी पुसताना आपणहून बोलतात.

भावंडं मध्ये येणारच. टायमर लावा, पुढची पाळी कोणाची ते आधी सांगा.

शिक्षा म्हणून ही वेळ कधीच रद्द करू नका. चुकलेल्या मुलाला त्या दिवशी तिची जास्त गरज असते. बुडालीच, तर दुसऱ्या दिवशी भरून द्या.