भोरच्या नदीखोऱ्यांतून ग्रॅव्हल सायकलचा मार्ग कसा आखावा

पुण्याहून साताऱ्याच्या महामार्गाने निघून कापूरहोळला उजवीकडे वळले की भोर येते. पुण्यापासून हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर आहे. गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून फुटलेल्या डोंगरसोंडा पूर्वेकडे उतरत येतात आणि त्यांच्यामधून उत्तरेला वेळवंडी व दक्षिणेला नीरा अशा दोन नद्या वाहतात. वेळवंडीवर भाटघरचे जुने धरण आहे आणि नीरेवर नीरा देवघरचे. या दोन जलाशयांमुळे खोऱ्यांतले रस्ते पाण्याच्या काठाकाठाने, प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी आत वळून पुन्हा बाहेर येत जातात, म्हणून नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमधले सायकलचे अंतर सरळ अंतराच्या कितीतरी पट भरते. मार्ग आखताना सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे.

माझा पहिला आणि ठाम सल्ला असा, की एका दिवशी एकच खोरे घ्यावे. दोन खोऱ्यांमधली डोंगररांग ओलांडणाऱ्या पायवाटा उपग्रहचित्रात रुंद आणि मोहक दिसतात, परंतु त्यांतल्या बहुतेक गुरांच्या, लाकूडफाट्याच्या किंवा यात्रेच्या वाटा आहेत आणि चढाच्या शेवटच्या टप्प्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्यापेक्षा खोऱ्याच्या एका काठाने वर जाऊन दुसऱ्या काठाने परतणे हा या प्रदेशाला शोभणारा आणि डोळ्यांना अधिक समृद्ध करणारा बेत आहे.

दिशा ठरवणे सोपे आहे. दोन्ही खोरी पूर्व–पश्चिम पसरलेली असल्यामुळे पहाटे भोरहून पश्चिमेकडे निघाल्यास सूर्य पाठीशी राहतो आणि दुपारनंतर परततानाही तो पाठीशीच असतो. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून येणारा वारा परतीच्या वाटेवर मदतीला येतो, ही आणखी एक सोय.

नीरेच्या खोऱ्यासाठी भोर–महाड रस्त्याने निगुडघरपर्यंत जावे. हा मुख्य रस्ता आहे, त्यावर वाहने वेगाने धावतात आणि रुंदीकरणाच्या कामांमुळे कडेची खडी कोठे सुटी पडली असेल ते सांगता येत नाही, म्हणून हा टप्पा उजाडताच, वर्दळ सुरू होण्यापूर्वी उरकावा. निगुडघरनंतर नीरा देवघर जलाशयाभोवतीचा रस्ता लागतो. स्थानिक लोक त्याला रिंगरोड म्हणतात. काही भाग डांबरी, काही केवळ खडीकरण झालेला, काही पावसाने पार उखडलेला अशा या रस्त्यावर ग्रॅव्हल सायकलचे, म्हणजे खडी–मातीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या रुंद टायरच्या सायकलचे, खरे मोल कळते. हा हिर्डस मावळ आहे. बांदल देशमुख आणि बाजीप्रभू देशपांडे यांचा हा मुलूख. भाताची खाचरे, हिरडा–जांभळाची रानटी झाडे आणि सतत सोबत करणारे पाणी यांमुळे चढाचे कष्ट हलके होतात. वर शिरगावजवळ नीरेचा उगम आहे आणि तिथून पुढे वरंधा घाट महाडकडे उतरतो. घाट उतरून परत चढणे हा वेगळ्या दिवसाचा बेत आहे, तो या फेरीला जोडू नये. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने प्रशासन हा घाट वाहतुकीसाठी बंद ठेवते, तेव्हा त्या आदेशाकडे सायकलस्वारानेही काणाडोळा करू नये. दरड वाहन पाहून कोसळत नाही. जलाशयाला पूर्ण वळसा घालायचा असेल तर अख्खा दिवस राखून ठेवावा.

वेळवंडीचे खोरे शांत आहे. भोरहून पसुऱ्याच्या बाजूने वर निघाल्यावर भाटघरचे पाणी पुन्हापुन्हा समोर येते. येसाजी कंक यांचे नाव या जलाशयाला दिले आहे आणि त्यांचे भुतोंडे हे गाव याच भागात, राजगडाच्या दक्षिणेला आहे. एप्रिल–मे महिन्यांत पाणी उतरले की कांबरे गावाजवळ एरवी बुडालेले कांबरेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते. ते पाहण्यासाठी फेरी आखणाऱ्यांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. उघडा पडलेला धरणाचा तळ वरून भेगाळलेला व कोरडा दिसला तरी खाली गाळ ओला असतो, चाक अचानक रुतते आणि स्वार पुढे फेकला जातो. शिवाय अशा जमिनीवर अनेक ठिकाणी गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेली, पिके असतात. सायकल काठावर ठेवून चालत जावे.

रस्त्याचा पृष्ठभाग ओळखता येणे हे या प्रवासातले सर्वांत मोठे कौशल्य आहे. चांगला दाबलेला मुरूम हा आदर्श. त्यावर चाक धरून चालते आणि उतारावरही ब्रेक विश्वासाने लावता येतो. डांबरीकरणाच्या आधी अंथरलेली मोठी खडी मात्र सर्वांत वाईट, कारण दगड चाकाखाली सरकतात आणि टायरची बाजू कापली जाते. अशा पट्ट्यावर जड गिअरमध्ये, शरीराचे वजन किंचित मागे ठेवून आणि हात सैल सोडून सरळ रेषेत जावे, मध्येच वळू नये. पहिल्या पावसानंतरची चिकणमाती टायर व फ्रेम यांच्यामधली जागा भरून टाकते. तेव्हा जोर लावल्यास गिअर बदलणारा डिरेलर तुटण्याची शक्यता असते, म्हणून उतरून काडीने चिखल काढणेच शहाणपणाचे ठरते. ओढ्यांवरच्या फरशी पुलांवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याइतके दिसले तरी सायकल घालू नये, कारण फरशीवर शेवाळ असते आणि तिची कड गढूळ पाण्यात दिसत नाही.

याच पृष्ठभागावरून सायकलची तयारी ठरते. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद असावा, ४५ असल्यास अधिक चांगले. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे आपोआप बुजवणारे द्रव, भरलेले असले म्हणजे बाभळीच्या काट्यांची चिंता राहत नाही. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या व्यक्तीने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा ठेवून सुरुवात करावी व खडीवर रिम आपटू लागल्यास थोडी वाढवावी. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागच्या चक्राचे दाते पुढच्या चक्राच्या दात्यांइतके किंवा त्याहून जास्त असावेत. सह्याद्रीतले आडरस्ते चढ कापताना वळणे घेत नाहीत, ते सरळ वर जातात.

ऋतूविषयी माझी पसंती स्पष्ट आहे: दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंत. नोव्हेंबरमध्ये ओढे अजून वाहत असतात, मुरूम बसलेला असतो आणि इंद्रायणी भाताची कापणी–झोडणी चाललेली असते. त्या दिवसांत धान्य व पेंढा रस्त्याकडेला वाळत घातलेला दिसेल. त्यावरून चाक नेणे हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा अपमान आहे, म्हणून जागा नसेल तर उतरून चालावे. मार्चनंतर ऊन चढते आणि गवत पेटण्याचा धोका वाढतो, तेव्हा डोंगरउतारावर धूर दिसल्यास त्या बाजूचा बेत तत्काळ सोडावा.

जंगलाबद्दल नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. सार्वजनिक रस्ता सोडून राखीव वनात शिरायचे असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. भोर तालुक्यात अनेक देवराया आहेत. तिथे सायकल बाहेर ठेवून, पादत्राणे काढण्याची रीत असेल तर ती पाळून, पायी जावे. आग्या मोहोळ लटकलेल्या कड्याखाली आरडाओरडा करू नये, धूर तर मुळीच करू नये. उपग्रहचित्रात दिसणाऱ्या जाड रेषेवर विसंबून कोणाच्या बांधावरून सायकल नेऊ नये. पाणंद रस्ता आहे की खासगी वाट, हे शेतात काम करणाऱ्या मावशींना किंवा काकांना विचारले की क्षणात कळते, आणि पुढची फरशी वाहून गेली आहे का हेही त्यांनाच ठाऊक असते.

निगुडघर किंवा पसुरे सोडल्यावर दुकानांचा भरवसा धरू नये. प्रत्येकी तीन लिटर पाणी, गूळ–शेंगदाणे, दोन ट्यूब, टायरच्या कापलेल्या बाजूला आतून लावायला जाड कापडाची पट्टी, साखळीचा जोड आणि पंप सोबत असावा. खोऱ्यांच्या वरच्या अंगाला मोबाइलचे नेटवर्क तुटक असते, त्यामुळे नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. सायकल दुरुस्तीपलीकडे गेल्यास भोरकडे येणाऱ्या एसटीच्या वेळा निघण्यापूर्वीच भोर स्थानकावर विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. वरच्या गावांना येणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात आणि शेवटची चुकली तर दूध किंवा भाजी घेऊन जाणाऱ्या टेम्पोखेरीज दुसरे साधन उरत नाही.