उवांसाठी टी ट्री, निलगिरीचं तेल लावताय? आधी या चुका टाळा

जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की दहा-पंधरा दिवसांत आमच्या दुकानात आया यायला लागतात. नागपुरात सक्करदऱ्याकडे आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. बाई आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते बघते, मग आवाज खाली करून म्हणते, "ताई, पोट्टीच्या डोक्यात उवा पडल्या जी. टी ट्री आहे का?" पूर्वी याच बाया लोशन मागायच्या. आता मोबाइलवर व्हिडिओ बघून तेलाचं नाव ठरवूनच येतात.

या तेलांशी माझं वैर नाही. त्यांच्यात दम आहे, म्हणूनच ती जपून वापरायला हवीत. बाटलीवर पान-फूल काढलेलं असलं की ते खोबरेल तेलासारखंच निरुपद्रवी, असा समज होतो. खोबरेल, तीळ, करंज, कडुनिंब ही घाण्यातून निघणारी तेलं. निलगिरी, टी ट्री, लवंग, गवती चहा यांची तेलं म्हणजे वाफेवर काढलेले उग्र अर्क. दोन्हींना आपण 'तेल'च म्हणतो आणि गफलत तिथंच होते.

बाटलीतलं तेल थेट डोक्यावर ओतणं

सगळ्यात जास्त त्रास याच चुकीनं होतो आणि मी तो घरात पाहिला आहे. माझ्या बहिणीनं मे महिन्यात सात वर्षांच्या लेकीच्या डोक्याला टी ट्रीचं तेल तसंच, काही न मिसळता चोळलं, वर प्लॅस्टिकची टोपी घातली आणि रात्रभर ठेवलं. सकाळी मला फोन. जाऊन बघते तर कानामागची कातडी लालबुंद, मानेच्या केसांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड आणि पोरगी हात लावू देईना. हळूच भांग पाडला, तर त्या लाल कातडीवरून एक ऊ आरामात चालत पलीकडच्या केसांत शिरली. त्या दृश्यानंतर मी दुकानात हे तेल नुसतं हातात देणं बंद केलं. आता पाच मिनिटं बोलल्याशिवाय देत नाही.

बहिणीच्या त्या एका रात्रीत तीन चुका होत्या. तेल पातळ केलं नव्हतं. टोपीखाली घाम आणि उष्णता कोंडली, त्यामुळे तेल कातडीत जास्त मुरलं (आणि झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर प्लॅस्टिक ठेवूच नये, ते तोंडावर सरकू शकतं). तिसरी चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती बाटली वर्षभरापूर्वी फोडलेली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. टी ट्रीच्या तेलाला हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्यातले घटक बदलतात आणि तेच कातडीला जास्त झोंबतात, ॲलर्जी करतात. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा गावात खिडकीत किंवा गाडीच्या डिक्कीत राहिलेली बाटली फेकून द्या. नवी घ्यायची तर गडद काचेची, आणि झाकण घट्ट लावून कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.

किती तेल, याचा हिशेब न करणं

अशी तेलं घरी कातडीला लावायची तर लहान मुलांसाठी साधारण १ टक्का, म्हणजे ३० मिली खोबरेल तेलात पाच-सहा थेंब. पण एवढ्या पातळ तेलानं उवा मरतील याचा भरवसा नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात १० टक्के टी ट्री आणि १ टक्का लॅव्हेंडर असलेलं तयार औषध मुलांना आठवड्याच्या अंतरानं तीनदा लावलं होतं, आणि ४२ पैकी ४१ मुलांच्या डोक्यात शेवटी जिवंत ऊ सापडली नाही. निकाल छानच आहे. पण १० टक्के म्हणजे ३० मिलीत सुमारे ६० थेंब! कारखान्यात नीट मोजून बनवलेलं औषध वेगळं आणि घरी वाटीत ढवळलेलं वेगळं. घरच्या वाटीत ६० थेंब टाकून ते लेकराच्या डोक्याला लावा, असं मी कोणालाही सांगणार नाही.

म्हणजे जेवढं टाळूला सोसतं तेवढ्यानं ऊ मरेलच असं नाही, आणि जेवढ्यानं मरते तेवढं टाळूला सोसेलच असं नाही. त्याच चाचणीत, नुसतं उवांचा श्वास कोंडणारं दुसरं औषधही जवळजवळ तेवढंच चाललं होतं, ही गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पातळ केलेलं तेलही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर ते तेल आपल्यासाठी नाही. दम्याची मुलं, गरोदर बाया आणि डोकं खाजवून जखमा झालेली मुलं यांनी या वाटेला जाऊच नये. दोन वर्षांखालच्या बाळाला फक्त फणी.

कापूर, सीताफळाच्या बिया, रॉकेल

इथं मी हात जोडून सांगते. खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावण्याची पद्धत घरोघरी आहे. कापूर आणि निलगिरी दोन्ही लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते, आकडी येऊ शकते. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा तेलांमुळे झटके आलेले रुग्ण नोंदवले आहेत. तेल पोटात गेलंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं आहे, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. ठणका कधी कधी काही तासांनी सुरू होतो, म्हणून लोक झोपून जातात आणि सकाळी डोळा उघडत नाही. पूड डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याच्या धारेनं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. रॉकेलबद्दल एवढंच की त्यानं लेकरं भाजली आहेत. ही सुगंधी तेलंसुद्धा पेट घेतात, म्हणून लावलेल्या डोक्यानं गॅसजवळ किंवा देवापुढच्या दिव्यापाशी जाऊ देऊ नका.

एकदा लावलं, झालं!

मादी ऊ दिवसाला सहा-आठ अंडी घालते, तीही केसाच्या मुळाशी डिंकासारखी चिकटवून. बहुतेक तेलं चालत्या उवेवर चालतात, लिखेवर नाही. लिखेतून सात ते दहा दिवसांत पिल्लू निघतं आणि पुढच्या नऊ-बारा दिवसांत ते स्वतः अंडी घालायला तयार होतं. म्हणजे आज डोकं स्वच्छ दिसलं तरी आठवड्यानं पुन्हा भरणार. मग बाई म्हणते, तेल खोटं निघालं. तेल खरं-खोटं राहू द्या, दिवस मोजायचे राहून गेलेले असतात.

काय दिसतंय त्यावरून चूक कुठं झाली ते कळतं. दुसऱ्याच दिवशी मोठ्या उवा चालताना दिसल्या तर तेल किंवा औषध चाललंच नाही. आठवड्यानं फक्त तिळापेक्षा लहान पिल्लं दिसली तर लिखा फुटल्या. डोकं दोन-तीन आठवडे स्वच्छ राहून अचानक मोठ्या उवा आल्या तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणाच्या तरी डोक्यातून आल्या. घरात सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, आजीचंसुद्धा. आणि टाळूपासून दोन सेंटीमीटर दूर केसावर पांढरं टरफल दिसत असेल तर ते रिकामं आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ती लीख दोन महिन्यांपूर्वीची. त्यासाठी पुन्हा तेल चोळू नका. कोंडा बोटानं सरकतो, लीख सरकत नाही.

फणीला कमी लेखणं

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात माझी आजी रविवारी आम्हा चौघी बहिणींना ओट्यावर एकामागे एक बसवायची. डोकं तेलानं ओलंचिंब, मांडीवर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, हातात लाकडी फणी. टाळूला टेकवून टोकापर्यंत एक सरळ ओढ, मग फणी कपड्यावर पुसायची. काळा ठिपका हलला की अंगठ्याच्या नखाखाली 'टक्'. तिच्या तेलात औषध काहीच नव्हतं. तेलानं उवा मंदावायच्या, फणी सरकायची आणि रविवार चुकायचा नाही.

मी तेच सांगते, फक्त अंतर कमी करून: पहिला दिवस, पाचवा, नववा, तेरावा. केस ओले, भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर, एकेक पातळ बट, बारीक दातांची धातूची फणी. सतराव्या दिवशी पुन्हा बघायचं. लांब केसांना तास लागतो, लागू द्या. हवा असेल तर सुगंधी तेलाचा थेंब यात घाला, पण काम फणीच करणार आहे.

लोशन वापरायचं ठरलं तर पर्मेथ्रिन १ टक्क्याचं मागा. ५ टक्क्यांचं खरजेसाठी असतं. लोशनच्या आधी डोक्याला तेल किंवा कंडिशनर नको, केस शॅम्पूनं धुऊन टिपून घ्या. दहा मिनिटांनी धुवा, नवव्या दिवशी पुन्हा लावा. दोनदा लावूनही उवा चालत असतील तर तिसऱ्यांदा तेच लावू नका, दुसरं औषध डॉक्टरांना विचारा.

चादरी, उशा, सोफा यांच्यामागे फार लागू नका. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, फण्या दहा मिनिटं कडक पाण्यात ठेवा, पुरे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चढते, आणि धुतलेल्या केसातही तितक्याच सहज चढते. म्हणून पोरीला "घाणेरडी" म्हणू नका, तिचे केस कापू नका, तिला शाळेतून घरी बसवू नका.

टाळूवर पू धरला, मानेला गाठी आल्या, ताप आला तर घरचे उपाय थांबवून मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. जाताना कुठलं तेल, किती आणि कधी लावलं ते कागदावर लिहून न्या, जमलं तर बाटलीही.