आकृती आधी, धडा मागून

ॲनॉटॉमीचं, म्हणजे शरीररचनेचं क्रमिक पुस्तक लिहायचंय म्हणून नवे लेक्चरर येतात ते पानंच्या पानं टाइप करूनच. आकृत्या कुठायत विचारलं की म्हणतात, "मॅडम, त्या नंतर टाकू." गाडं तिथंच अडतं.

आधी आकृती काढा, मग तिला लागेल तेवढंच लिहा. ब्रेकियल प्लेक्ससच घ्या, म्हणजे मानेतून काखेवाटे हातात उतरणारं नसांचं जाळं. सगळे सी-5 ते टी-1 या मणक्यातून निघणाऱ्या पाच रूटपासून, म्हणजे मुळांपासून सुरू करतात आणि काखेतल्या कॉर्डपर्यंत, म्हणजे जाडसर दोऱ्यांपर्यंत येईतो पोरं हरवतात. मी उलटी जाते. लाल खडूनं ॲक्सिलरी आर्टरी, म्हणजे काखेतली धमनी, तिच्यावर पिवळ्या खडूनं इंग्रजी एम. एमचा बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस नस, आतला अल्नर, मधलं टोक मीडियन. हा एम पोरांनी काखेतली चरबी उपसून डिसेक्शनच्या टेबलावर स्वतः पाहिलेला असतो. तिथून वर चढा: कॉर्ड तीन, डिव्हिजन सहा, ट्रंक तीन, रूट पाच. पोस्टीरियर कॉर्ड आर्टरीच्या मागे, म्हणून ती तुटक रेघेनं आणि सगळ्यात शेवटी.

नावं त्या त्या नसेच्या, स्नायूच्या अंगावरच लिहा. अ, ब, क घालून खाली यादी दिलीत की पोरं यादी पाठ करतात, चित्र बघत नाहीत. ही युक्ती माझी नव्हे. 1858 च्या 'ग्रेज ॲनॉटॉमी' या हेन्री ग्रेच्या पुस्तकात चित्रकार हेन्री व्हॅन्डाइक कार्टरनं अशीच नावं घातली. पुस्तक ओळखलं गेलं ग्रेच्या नावानं. कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकलमध्ये शिकवलं, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. त्या पुस्तकातल्या चित्रांचे ठसे लाकडाचे, त्यामुळे त्याला सगळं उलटं काढावं लागे, तेव्हा कुठे छापल्यावर सुलट यायचं.

तेच माझ्या पुस्तकात नेमकं फसलं. पोटाची आकृती मी कोरीच पाठवली, नावं प्रेसमध्ये बाहेरून जुळवली. छपाईची फिल्म पालथी पडली तरी कुणाला कळलं नाही. अंगावर अक्षरं असती तर उलटी दिसलीच असती! यकृत पेशंटच्या उजवीकडे हवं, ते आलं डावीकडे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एका मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, पान एकोणनव्वदवरचा पेशंट सायटस इन्व्हर्ससचा का?" म्हणजे जन्मतःच आतले अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला असलेला.

तेव्हापासून प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात मी हातानं 'उ' (उजवी) आणि 'डा' (डावी) लिहिते, आणि प्रूफ आल्यावर मजकुराआधी तीच दोन अक्षरं तपासते. त्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींवर मात्र मी आणि आमच्या यजमानांनी जेवणाच्या टेबलावर बसून खळीनं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवल्या.