मचाणावर जायचंय? आधी पँटचं बघा

बुद्धपौर्णिमेची, चांदण्यात पाणवठ्याकाठी मचाणावर बसून करायची प्राणीगणना जवळ आली की चर्चा सुरू होते ती दुर्बिणीची. कोणाकडं मागायची, लेन्स भाड्यानं कुठं मिळते, गाडी कोण काढणार. पँटचं नाव कोणी काढत नाही. ‘जीन्स आहे की घरात’ म्हटलं की विषय मिटला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या रानात दुपारी मचाणावर चढल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरेपर्यंत अंगाला चिकटून राहते ती पँटच. ती नीट नसेल तर माणूस रात्रभर चुळबुळतो, आणि चुळबुळणाऱ्याच्या पाणवठ्यावर गवा कशाला येतोय?

कोल्हापूरला शिकारीचा वारसा तसा मोठा. संस्थानकाळात इथं पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरवत, आणि राधानगरी-दाजीपूरचं रान राजघराण्यानं शिकारीसाठी राखलेलं. पुढं १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखीव झालं, १९८५ मध्ये अभयारण्याचा पसारा ३५१ चौरस किलोमीटरवर गेला आणि मधल्या काळात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, शिकारीचा विषयच संपला. आता जायचं ते बघायला. पण परदेशात उन्हाळी शिकारीसाठी ज्या हलक्या पँट शिवल्या जातात, त्यांची कसोटी आपल्यालाही तंतोतंत लागू पडते. आवाज नको, घाम लवकर वाळावा, काट्यानं फाटू नये, जनावराच्या डोळ्यात भरू नये. बंदूक वगळली तर शिकाऱ्याचं आणि गणनेला बसणाऱ्याचं काम एकच, गप बसणं.

तर पहिलं काम म्हणजे जीन्स कपाटातच राहू द्या. इचलकरंजीत यंत्रमागाशी संबंध असलेला कोणीही कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतो, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. नेहमीच्या जाड डेनिमचं वजन ४०० च्या घरात जातं. मे महिन्यातल्या रानासाठी १४० ते १८० पुरे. त्याखाली गेलात की कापड हलकं न राहता नुसतं पातळ होतं, आणि या दोन्हींत बराच फरक आहे. पातळ विणीच्या लेगिंगमधून किंवा ट्रॅक पँटमधून डास सरळ चावतो, करवंदाच्या जाळीतून एकदा गेलात की धागे ओढले जातात, आणि खाजकुयलीची लव अशा मऊ, केसाळ कापडात अडकून बसते. उन्हाळ्यात तिच्या शेंगा वाळलेल्या असतात. जिला ती लागली तिलाच विचारा रात्र कशी गेली. त्यामुळं कापड हलकं हवं, पण वीण घट्ट आणि पृष्ठभाग गुळगुळीत हवा. रिपस्टॉप नावाचं कापड यासाठी चांगलं. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागा उभा-आडवा घातलेला असतो, बारीक चौकटी डोळ्यांना दिसतात, आणि काट्यानं पडलेलं भोक त्या चौकटीतच थांबतं.

सुती की सिंथेटिक, हा वाद आपल्याकडं फार जुना. उन्हाळ्यात सुतीच, असं आजीपासून सगळे सांगतात आणि घरात, गावात ते खरंही आहे. पण आपला मे नुसता उन्हाचा नसतो. दुपारी भाजून काढतो आणि चारच्या सुमाराला ढग भरून वळीव कोसळतो. कापूस हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो, नायलॉन चारेक टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे वळवात भिजलेली जाड सुती पँट मचाणावर रात्रभर वाळत नाही, आणि घाटमाथ्यावरचा वारा सुटला की दुपारी घामानं निथळणारा माणूस रात्री दोन वाजता कुडकुडतो. नायलॉन सुतापेक्षा लवकर वाळतं आणि टिकतंही, पण काही नायलॉन चालताना सरसर वाजतं. नुसतं पॉलिएस्टर स्वस्त, मात्र घामाचा वास धरून ठेवतं, आणि गव्याचं नाक आपल्या कल्पनेपेक्षा तिखट.

माझा कौल टेरिकॉटला. पॉलिएस्टर आणि सुताचं हे मिश्रण आपल्या शाळेच्या आणि खात्यांच्या गणवेशात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ते वाजत नाही, लवकर वाळतं, करवंदाला दाद देत नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या ठोक बाजारात कापड बघा आणि ओळखीच्या टेलरकडून शिवून घ्या. ब्रँडच्या ट्रेकिंग पँटच्या निम्म्यात काम भागतं. शिवायला टाकताना दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. मांड्यांमध्ये, जिथं चारही शिवणी एकत्र येतात तिथं, एक चौकोनी तुकडा जोडायचा. त्यामुळं शिडीवर पाय टाकताना किंवा मांडी घालताना पँट उसवत नाही आणि जाड शिवण कातडीला घासत नाही. आणि गुडघ्यात थोडा घेर ठेवायचा. टेलर ‘फॅशन जाईल’ म्हणेल, म्हणू दे.

तयार पँटच घ्यायची असेल तर दुकानात लाजू नका. महाद्वार रोडवर गर्दी असली तरी ट्रायल रूममध्ये उकिडवं बसा, एक पाय स्टुलावर ठेवा, मांडी घाला. कमरेत मागं फट पडली किंवा गुडघ्यावर ओढ बसली तर ती पँट नको. मग कापड कानाशी धरून बोटांनी चोळा, सरसर ऐकू आली तर परत ठेवा. ट्यूबलाइटसमोर धरा, छिद्रांतून उजेड ठिपक्यांनी दिसला तर डासांना दार उघडं आहे. तोंडाला लावून फुंका. हवा थोडीशी तरी पलीकडं गेली पाहिजे, नाहीतर आत भट्टी होणार. दुकानदार बघत राहील. राहू दे.

खिसे कमी असलेले बरे. मांडीवरचे मोठे खिसे भरले की हलकी पँट खाली ओढली जाते. वेल्क्रोचा खिसा तर घेऊच नका. रात्री तीनला बिस्किटं काढायला उघडलात की चर्र आवाजानं पाणवठा रिकामा. बटण किंवा साधी चेन चालते. गुडघ्यापाशी चेन उघडून हाफ पँट होणारा प्रकार दिसायला हुशारीचा, पण बसल्यावर ती चेन गुडघ्याला टोचते, आणि रानात हाफ पँट घालायचीच कशाला? कमरेला मागं इलॅस्टिक असलं तर झुणका-भाकरीनंतर दुवा द्याल. धातूच्या बक्कलाचा पट्टा टाळा, किल्ल्यांचा जुडगा गाडीतच राहू द्या.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं गैरसमज फार. हरणं, गवे ही खुरवाली जनावरं आपल्यासारखे सगळे रंग बघत नाहीत. तांबडा-केशरी त्यांना मातकट दिसतो, पण निळा चांगला कळतो. म्हणजे भडक लाल शर्ट आपल्या डोळ्याला खुपतो तेवढा त्यांना खुपत नाही, उलट आपली साधी निळी जीन्स उठून दिसते. तरीही लाल घालू नका, कारण पक्ष्यांना आणि माकडांना रंग दिसतात, आणि वानरानं एकदा ‘खॅक’ केलं की सगळ्या रानाला खबर. फिका खाकी किंवा मातकट रंग घ्या. फिक्यावर चढणारी गोचीडही पटकन दिसते, गडद हिरव्यावर ती शोधावी लागते. लष्करी छापाची पँट मात्र नको. लष्कराच्या गणवेशाची नक्कल अंगावर मिरवून चेकनाक्यावर खुलासे करत बसण्यापेक्षा साधी खाकी बरी.

धुणं आठवडाभर आधी उरकून घ्या. चकचकीत पांढऱ्या धुण्यासाठी असलेल्या पावडरींत कपडा उजळवणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर चमक फेकतात, आणि हरणांच्या डोळ्यांना ती आपल्यापेक्षा जास्त जाणवते. रिठ्याच्या पाण्यात धुवा. कंफर्ट, अत्तर, डिओ काही नको. नवी पँट असली तर दोनतीनदा धुऊन, घालून वापरा. खळ जाते, आवाज कमी होतो आणि कुठं घासतं ते घरीच कळतं.

सोबत काय ठेवायचं ते थोडक्यात. एक सुकी पँट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण पिशवी मऊ घ्या, कडकड वाजणारी नको. पँट आत खोचता येईल असे उंच मोजे. मांड्या घासत असतील तर थोडं व्हॅसलीन. मुक्कामाच्या घरी चुलीशेजारी शेकायला बसणार असाल तर नायलॉनची पँट बदलून बसा, ठिणगीनं ती वितळून कातडीला चिकटते.

मोजे पँटवर चढवलेला माणूस विनोदी दिसतो हे मान्य. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यात गोचिडीची गंमत करू नये. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडं माकडताप आलेला आहे, तो गोचिडीनंच पसरतो आणि त्याचा हंगाम डिसेंबरपासून मेपर्यंत असतो. मचाणावरून उतरल्यावर गाडीत बसण्याआधी पँटच्या शिवणी, कमरेची पट्टी आणि गुडघ्यामागचा भाग हातानं चाचपून बघा. घरी आल्यावर ती पँट बेडवर किंवा सोफ्यावर न टाकता थेट गरम पाण्यात बुडवा, मग कडक उन्हात उलटी करून वाळत घाला. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.