स्नेहसंमेलनाचं घोषवाक्य ठरवताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत स्नेहसंमेलनाची फाइल उघडते. पहिल्याच पानावर ‘यंदाचं घोषवाक्य’ असं लिहून पुढे रेघ ओढलेली असते आणि ती रेघ भरायची जबाबदारी फिरून फिरून मराठीच्या बाईंवर येते. ठाण्यात नौपाड्याकडे मी बरीच वर्षं ती भरतेय. त्यातली एक चूक माजी विद्यार्थी भेटले की अजून हटकून काढतात, म्हणून आधी तीच सांगून टाकते.

त्या वर्षीचा विषय होता ज्योत. मी लिहिलं, ‘आपण सारे पेटू या ज्ञानाच्या ज्योतीने’. कागदावर एका ओळीत झकास दिसत होतं. रंगमंचामागचा फलक मात्र रुंदीला कमी निघाला आणि छपाईवाल्याने ओळ मध्येच तोडली. वर ठसठशीत ‘आपण सारे पेटू’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘या ज्ञानाच्या ज्योतीने’. पेटू म्हणजे खादाड, हे हिंदी पिक्चर बघणाऱ्या नववीला वेगळं सांगावं लागत नाही. पडदा सरकला आणि मागच्या रांगांतून जो हशा उठला, तो स्वागतगीत संपेपर्यंत थांबला नाही. मध्यंतरात वडापावच्या टेबलापाशी एक पालक मला म्हणाले, “बाई, बोर्ड इकडे लावायचा होता.”

तेव्हापासून घोषवाक्य फलकावर किती ओळींत बसणार आणि कुठे तुटणार, ते मीच कागदावर आखून देते. आणि अंतिम करण्याआधी नववीच्या दोन वात्रट पोरांना दाखवते. शिक्षकांच्या समितीला महिनाभर न दिसलेला दुसरा अर्थ त्यांना अर्ध्या मिनिटात दिसतो.

डोळ्यांनी निवडलेलं घोषवाक्य

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्टाफरूममध्ये पाच-सहा पर्याय फळ्यावर लिहिले जातात, सगळे बघतात आणि जे भारदस्त दिसतं त्याला हात वर होतात. पण घोषवाक्य म्हणायचं असतं. तेही तिसरीतल्या, पुढचे दोन दात पडलेल्या मुलांनी, दोनशे जणांनी एकदम. ‘नवोन्मेषाचा कलाविष्कार’ फळ्यावर देखणं आहे. मैदानात त्याचं ‘नवोमेशाचा कलाइश्कार’ होतं.

आपल्याकडे घोषणेची रीत ठरलेली आहे. एक जण अर्धं म्हणतो, जमाव उरलेलं पुरं करतो. ‘गणपती बाप्पा’ म्हटलं की ‘मोरया’ सांगावं लागत नाही. ‘पुंडलिक वरदा’ला ‘हरी विठ्ठल’ आपोआप येतं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली दिलेलं ‘जय जवान, जय किसान’ बघा: दोन सारखी पावलं, मधे श्वास घ्यायला जागा. एसटीचं ‘गाव तेथे एसटी’ तर तीन शब्दांत संपतं, आणि त्यात अवघड जोडाक्षर एकही नाही. तुमच्या ओळीचे असे दोन तुकडे पडतात का, आणि दुसरा तुकडा छोटा आहे का, एवढं आधी तपासा. शेवटी लांबवता येणारा स्वर असला तर सोन्याहून पिवळं; ‘मोरयाऽऽ’ ओढता येतं, ‘उत्कर्ष’ ओढता येत नाही.

मी पाचवीचा एक वर्ग मैदानात नेते आणि प्रत्येक पर्याय तीनदा म्हणायला लावते. तिसऱ्या वेळी ज्याचा आवाज वाढतो तो ठेवते, ज्याचा पडतो तो खोडते. हात वर करून मतदान आता बंद.

यमकासाठी भाषा मोडणं

एका वर्षी विषय ठाण्याचाच होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. सातवीतल्या एका मुलीने ओळ आणली: ‘बोरीबंदर ते ठाणे, नव्या सुरांचं गाणे’. ठेका उत्तम, पण काहीतरी खटकत होतं. ‘सुरांचं’ बोलीतलं आणि ‘गाणे’ लेखी. बोलीत ‘गाणं’ म्हणावं तर ठाण्याशी यमक जुळत नाही, कारण गावाचं नाव काही ‘ठाणं’ होत नाही. मग सगळी ओळच लेखी वळणावर नेली: ‘नव्या सुरांचे गाणे’. एका अनुस्वाराचा फरक, पण ओळ सरळ झाली. यमक जमलं की बाकीचे शब्द त्याच वळणाचे आहेत ना, हे बघायचं राहूनच जातं.

तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’चं. ‘आम्ही घेऊ भरारी’ म्हटलं की समोर बसलेले आईबाबा बाहेर राहिले. शाळेची शेखी मिरवायची असेल तर ‘आम्ही’ ठीक आहे. प्रेक्षकांना सोबत घ्यायचं असेल तर ‘आपण’च हवं.

कुणालाही लागू पडणारं

भरारी, झेप, क्षितिज, तरंग, स्पंदन. हे शब्द वाईट नाहीत, थकलेले आहेत. हिंदीतून उचललेलं ‘उडान’ही त्यातलंच. आपल्याकडे ‘उड्डाण’ आहे, पण ते बोजड वाटतं म्हणे. एक सोपी परीक्षा घ्या. घोषवाक्याखाली शेजारच्या शाळेचं नाव लिहून पाहा. काहीच बिघडत नसेल, तर ते तुमचं नाही. तलावपाळी, येऊरचं जंगल, खाडीत उतरणारे रोहित पक्षी एवढं सगळं दाराशी असताना क्षितिजापर्यंत कशाला जायचं?

शाळेचं ब्रीदवाक्य हे नेहमीचं असतं आणि घोषवाक्य त्या वर्षापुरतं. दोन्ही एकाच आकारात शेजारी छापू नका, एवढंच.

शुद्धलेखन आणि छपाई

स्नेहसंमेलनाच्या फलकांवर सर्वाधिक चुकणारा शब्द ‘आविष्कार’. आविष्कार म्हणजे प्रकट करणं. पहिलं अक्षर ‘आ’च, ‘अविष्कार’ नव्हे. मग ऊर्जा, स्फूर्ती, कीर्ती: तिन्हींत पहिला स्वर दीर्घ. ‘आशीर्वाद’मधला रफार ‘वा’वर असतो, पण फलकांवर हमखास ‘आर्शिवाद’ दिसतो.

यातल्या निम्म्या चुका आपल्या नसतात. आपण मोबाइलवरून युनिकोडमध्ये नीट मजकूर पाठवतो, पण दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला की वेलांटी उडी मारते, जोडाक्षर फुटतं. मग तिथला मुलगा वैतागून, दहा कामं हातात असताना, सगळं पुन्हा टाइप करतो. म्हणून फोनवर ‘बघितलं, ओके’ म्हणू नका. छपाईला जाणाऱ्या शेवटच्या फाइलचंच प्रूफ मागा, आणि ते उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचा. सरळ वाचलं की डोळा चूक गिळतो.

अक्षराच्या उंचीचा एक ठोकताळा आहे: दर दहा फुटांमागे एक इंच. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहासारखं मोठं सभागृह घेतलं असेल, तर मंचापासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर मोजा आणि मगच शब्द किती परवडतात ते ठरवा. ऐंशी फुटांवरून वाचायचं तर अक्षर आठ इंची हवं. तेवढ्या आकारात सात शब्द मावत नाहीत, आणि मग लांबलचक घोषवाक्यांची हौस आपोआप फिटते.

आणि फलक चुकीचाच छापून आला, तर? सबंध फलक नव्याने छापायचा खर्च करू नका. चुकलेला पूर्ण शब्द, मागच्या पार्श्वभूमीच्या रंगासकट, त्याच मापात स्टिकरवर छापून घ्या आणि वरून चिकटवा. नुसती वेलांटी किंवा एकटं अक्षर चिकटवलं तर ठिगळ लांबून कळतं. स्टिकर मॅट मागा. चकचकीत असला तर दिवे लागले की नेमका तोच शब्द चमकतो. आणि आदल्या संध्याकाळीच लावा, म्हणजे सकाळपर्यंत कडा उचलली गेली तर पुन्हा दाबायला वेळ मिळतो.