सरकारशिवाय समाज चालेल का? आधी एका चारीवर तपासून पाहा

माझा भाचा नाशिकला कॉलेज रोडला राहतो. दिवाळीला घरी आला की त्याचा विषय ठरलेला. "आत्या, माणसाची जमीन त्याची, घामाचा पैसा त्याचा. सरकारनं पोलीस आणि कोर्ट तेवढं बघावं. बाकीचं माणसं आपापसांत करार करून ठरवतील."

मी त्याला उडवून लावत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात बारा वर्षांची असताना मी आईबरोबर ट्रकमध्ये बसून शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेले होते. त्याआधी १९८० चं ऊस-कांदा आंदोलन आमच्या जिल्ह्यानं अंगावर घेतलं होतं. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेले संघटनेचे नेते शरद जोशी सांगायचे की शेतकऱ्याला सरकारची भीक नको, सरकारनं भाव पाडणं तेवढं थांबवावं. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. तेव्हा भाचा बोलतो ते आमच्या घरात जुनंच आहे. फरक एवढाच की गेली सहा वर्षं मी दिंडोरी तालुक्यातल्या एका पाणी वापर संस्थेची सचिव आहे, आणि करारावर माणसं कशी वागतात ते रोज बघते.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी वही घेतली आणि हा प्रश्न तपासायची एक रीत बसवली. तुमच्या घरीही असा वाद होत असेल, तर ती अशी वापरा.

आधी देश बाजूला ठेवा. देशावर बोलायला लागलं की जो तो आपल्या सोयीचं उदाहरण काढतो. एकच वस्तू घ्या, जी अनेकांना लागते आणि पुरत नाही. आम्ही आमची चारी घेतली, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारा छोटा पाट. तुम्ही शहरात असाल तर सोसायटीचा बोअर घ्या, पार्किंग घ्या.

मग त्या वस्तूत सरकार नेमकं काय काय करतं, ते एकेक करून लिहा. "सरकार" हा शब्द वापरायचा नाही, काम लिहायचं. इथे घाई करू नका, आमचा अर्धा दिवस यातच गेला. पूर्वी कालव्याचं पाणी हवं तर नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, कोणतं पीक किती क्षेत्रात ते त्यात लिहायचं आणि मंजुरीची वाट बघायची. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटाला असलेल्या ओझरला तर पाणी धड पोहोचायचंच नाही. बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमाराला तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. संस्थेनं पाणी मोजून ठोक घ्यायचं, पाणीपट्टी भरायची आणि आत वाटप आपलं आपण करायचं. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि २००५ मध्ये महाराष्ट्रानं यासाठी कायदाच केला. त्यात पीक स्वातंत्र्य आहे. मिळालेल्या पाण्यात द्राक्ष लावा, कांदा लावा, विचारणारं कोणी नाही.

भाचा खूश झाला. मी त्याला चारीच्या तोंडाशी नेलं आणि पाणी मोजायची पट्टी दाखवली. आमच्या वाट्याचं पाणी किती, हे बाहेरून ठरलेलं आहे आणि वरच्या गावाला आमच्या वाट्यात हात घालता येत नाही, म्हणून आत आम्हाला मोकळीक आहे. तो हक्क कागदावर नसता तर वरच्यांनी गेट उघडं ठेवलं असतं आणि आम्ही आपापसांत कोरड्या चारीचे करार करत बसलो असतो. आणि हेही त्याला सांगितलं की हे काम उभं करणारे बापू समाजवादी होते. त्याला ते पचायला वेळ लागला. मला वाटतं तसा वेळ लागू द्यावा.

तिसरं काम: रात्री दोन वाजता काय होतं ते विचारा. दिवसा सगळे नियम चालतात. आमच्या चारीवर एका रात्री वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्यानं पाइप टाकून पाणी ओढलं. पंचांनी दंड लावला, तो त्यानं निमूट भरला, कारण पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवात आम्हीच सगळे असणार होतो. असं दोन-तीनदा झालं, प्रत्येक वेळी लाजेनं काम केलं. मग एका घरानं जमीन विकली. घेणारा बाहेरचा, त्याला ना कोणाच्या लग्नाला यायचं, ना दशक्रियेला. दंडाची पावती त्यानं आमच्यासमोर फाडली. शेवटी कायद्यानं संस्थेला दिलेला अधिकार आणि पाटबंधारे खात्याचं पत्र दाखवलं, तेव्हा पाइप निघाला. तुमच्या वस्तूवरही असा बाहेरचा माणूस मनात उभा करा. तो कोणाच्या ऐकण्यातला आहे, ते लिहा.

भाच्यानं इथे आइसलँडचं उदाहरण दिलं आणि ते चांगलं आहे. इ. स. ९३० पासून तिथे आल्थिंग ही सभा होती, कायदे होते, न्यायनिवाडा होता, पण राजा नव्हता आणि निकाल अमलात आणणारी सरकारी यंत्रणाही नव्हती. निकाल ज्याच्या बाजूनं लागला त्यानंच तो वसूल करायचा. ज्याच्या मनगटात जोर नाही, तो आपला दावा जोरकस माणसाला देऊन टाकायचा. ही व्यवस्था तीनशेवर वर्षं टिकली, म्हणजे ती नुसती कल्पना नव्हती. पण सत्ता हळूहळू मोजक्या घराण्यांकडे गेली, त्यांच्यात लढाया पेटल्या आणि १२६२ पासून तिथल्या सरदारांनी नॉर्वेच्या राजाचं राज्य मान्य केलं. वहीत आम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या, किती टिकली ते आणि कशानं मोडली तेही.

चौथा प्रश्न, ज्यानं करारच केला नाही त्याचं काय? आमच्याकडे बोअर खोल खोल गेलेत. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला आहे. मी माझ्या पैशानं, माझ्या रानात बोअर घेतला आणि शेजाऱ्याची विहीर आटली, तर मी कोणता करार मोडला? भाचा म्हणाला, जमिनीखालच्या पाण्याचेही हिस्से पाडा. त्याचं म्हणणं मला पटतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच: मोजणार कोण, आणि माझ्या बोअरवर मीटर बसवायला माझ्या रानात कोणाच्या अधिकारानं शिरणार?

इथवर आलात की सरकारलाही त्याच काट्यावर तोला. ही पायरी गाळलीत तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत. डिसेंबरचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्या आठवड्यात लिलावात भाव कोसळताना मी ट्रॉलीजवळ उभी होते. माझा माल मी कोणाला विकायचा, हे मला एका शब्दानं न विचारता ठरवलं गेलं. या बाबतीत भाचा शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते त्याला मोकळेपणानं सांगितलं. पण त्याच वहीत आमच्या द्राक्षाच्या एका व्यापाऱ्याचा चेकही आहे, जो वटला नाही. खटला अजून तारखांवर आहे. भाचा जेवढं सरकार ठेवू म्हणतो, पोलीस आणि कोर्ट, तेवढंच या कामात आमच्या उपयोगाचं होतं, आणि तेच पोहोचलेलं नाही. कर कमी करायच्या गप्पा मारताना हा खर्चही मांडा.

शेवटी, तुमच्या वहीत कोणाचं नाव आलंच नाही ते बघा. आमच्या संस्थेत ज्याच्या नावावर सातबारा तो सभासद. शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं होतं. मालमत्तेचा हक्क एवढा मोलाचा, तर तो बाईला का नको, म्हणून त्यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. आमच्या घरी सासऱ्यांनी दीड एकर सासूबाईंच्या नावे केली. तीच पुढे माझ्याकडे आली, म्हणून मी आज सचिव आहे. पण छाटणीला आणि खुड्याला पेठ-सुरगाण्याहून जी माणसं येतात, ती महिनोन् महिने आमच्या शिवारात राहतात, याच चारीचं पाणी वापरतात आणि आमच्या एकाही बैठकीला नसतात. त्यांना विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर त्यांच्या झोपडीवर जा, मालकाला बरोबर नेऊ नका. भाचा संक्रांतीला येणार आहे. वहीची ती पानं अजून कोरी आहेत.